दिसतं सारखं, जुळत नाही : संगणकातलं मराठी अक्षर

समोर महाविद्यालयातली मुलं आहेत, सेवा केंद्र चालवणारे आहेत, दोन-तीन शिक्षक आहेत. त्यामुळे आम्ही मध्येच प्रोग्रामिंगचं बोलू आणि मध्येच यादीचं बोलू. ज्याला जे लागेल ते त्यानं घ्यावं.

एका आडनावापासून सुरुवात करू. कऱ्हाळे. आपल्या भागात ओळखीचं आडनाव आहे. समजा एका बाईंचं नाव दोन याद्यांत आहे. एक यादी गावातून टाइप होऊन आली, दुसरी बँकेतून आली. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर डोळ्याला काडीचाही फरक दिसत नाही. पण संगणकाला दोन्ही याद्या जुळवायला सांगितल्या की तो म्हणतो, हे नाव दुसऱ्या यादीत नाही. खिडकीपलीकडचा माणूस तेच वाक्य पुढे ढकलतो, "बाई, तुमचं नाव नाही." बाई एसटीनं परत जातात आणि पुढच्या आठवड्यात आधारची झेरॉक्स घेऊन पुन्हा येतात. झेरॉक्सनं काय होणार? नाव दोन्हीकडे बरोबरच होतं. आज आपल्याला एवढंच बघायचंय, की सारखं दिसणारं नाव संगणकाला वेगळं का वाटतं आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यानं त्यावर काय करायचं.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडे साठवतो. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर म्हणायचं याचं कोष्टक म्हणजे एन्कोडिंग. आता कऱ्हाळेमधला तो आडवा र, काही जण त्याला पापणीचा र म्हणतात. युनिकोडच्या कोष्टकात तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, क्रमांक ०९३१, आणि त्याला हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, आणि त्यानंतर एक न दिसणारं चिन्ह. त्याचं नाव झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे रुंदी नसलेला जोडणारा. आपण त्याला नुसतं 'जोडणारा' म्हणू. पहिल्या प्रकारात कऱ्हाळे सात आकड्यांचं होतं, दुसऱ्यात आठ आकड्यांचं. शिवाय ऱ हे अक्षर फोडून 'र आणि खाली नुक्ता' असंही साठवता येतं, तेव्हाही आठ, पण वेगळे आठ. (या भाषणाचं शब्दांकन वाचणाऱ्यांना हे प्रकार पडद्यावर बहुधा सारखेच दिसतील. मुद्दाही तोच आहे.)

कुणी म्हणेल, मग ते न दिसणारं चिन्ह काढूनच टाका. बरेच प्रोग्राम हे करतातही. 'अदृश्य अक्षरं साफ करा' अशी एक ओळ कुठून तरी उचलून लावलेली असते. इंग्रजीला त्यानं काही होत नाही. मराठीत जोडणारा काढला की पापणीचा र जातो आणि डोक्यावर रफार येतो, कर्हाळे. आता आडनावच बदललं. दऱ्या आणि दर्या हे वेगळे शब्द आहेत. आचाऱ्यांना आणि आचार्यांना यांतला फरक तर शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकातच असतो. एक जण स्वयंपाक करतो, दुसरा शिकवतो. 'शेतकऱ्यांची यादी' हे शब्द तर आपल्या जिल्ह्यात रोज टाइप होतात. म्हणून सांगतो, मराठी मजकुरातलं अदृश्य चिन्ह म्हणजे कचरा असं धरून चालू नका.

हा घोळ आला कुठून, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. आपला जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ ला. त्या काळात संगणकावर मराठी म्हणजे फॉन्ट. श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी, सी-डॅकचे सुरेख वगैरे. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे आजही यातला एखादा सापडेल. मूळ ॲस्की कोष्टक १२८ आकड्यांचं, त्यात इंग्रजी भरलेलं. त्याच्यावरच्या १२८ जागा युरोपातल्या भाषांनी घेतल्या होत्या. फ्रेंचसाठी डोक्यावर तिरकी रेघ असलेला ई, जर्मनसाठी दोन टिंबांचा यू, स्पॅनिशसाठी नागमोडी रेघेचा एन. आपल्या फॉन्टवाल्यांनी काय केलं, या जागा आणि इंग्रजीच्याही जागा घेतल्या आणि त्या आकड्यांसाठी मराठीच्या आकृत्या काढल्या. संगणक आत फ्रेंच ईच साठवत होता, वर आपल्याला अर्धा ष दिसत होता. फॉन्ट बदलला की पडद्यावर खरा ई बाहेर यायचा. आणि प्रत्येक फॉन्टची वाटणी निराळी.

यात आणखी एक गाठ होती. तिरक्या रेघेच्या त्या छोट्या ईचा आकडा विंडोजच्या कोष्टकात २३३, आणि मॅकच्या जुन्या कोष्टकात १४२. मॅकवर २३३ ला वेगळंच अक्षर बसलेलं. त्यामुळे एका यंत्रावर जुळवलेलं पान दुसऱ्या यंत्रावर उघडलं, की फॉन्ट तोच असूनही अक्षरं उडायची. युरोपातल्या लोकांचा एखाद-दुसरा स्वर बिघडत होता, आपलं पानच्या पान जायचं.

तरी आपल्याकडे मानक नव्हतं असं नाही. इस्की नावाचं भारतीय मानक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं काढलं, आयएस १३१९४. त्यात अक्षर उच्चाराच्या क्रमानं साठवायचं होतं, आकृतीच्या तुकड्यांनी नाही. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि तिच्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर बेतलेली आहे. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोड साध्या संगणकावर आलं. पण जवळ फॉन्टमधल्या याद्यांचे गठ्ठे होते, ते रूपांतरित करावे लागले. आजचे बरेच घोळ या रूपांतरात जन्मले.

आता औंढा घ्या. युनिकोडमध्ये औ हा एक स्वर आहे, एक आकडा. औ, अनुस्वार, ढ, काना, असं चार आकड्यांत औंढा होतं. फॉन्टमध्ये मात्र औ नावाची वस्तू बहुधा नव्हती. अ काढायचा, काना द्यायचा, वर दोन मात्रा. रूपांतर करणारा प्रोग्राम घाईत लिहिलेला असेल तर तो अ ला अ ठेवतो आणि पुढे ौ लावतो. असा औंढा पाच आकड्यांचा होतो. काही यंत्रांवर तो हुबेहूब दिसतो, काहींवर मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. शोधात मात्र कुठेच सापडत नाही. इथे एक तांत्रिक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण ती पुस्तकं वाचून कळत नाही. युनिकोडमध्ये नॉर्मलायझेशन म्हणून एक सोय आहे, सारखी असलेली रूपं एका रूपात आणणारी. तिचं एनएफसी हे रूप मजकुराला लावलं की फोडलेला 'र-नुक्ता' पुन्हा ऱ होतो. छान. पण अ-ौ आणि औ हे युनिकोडच्या दृष्टीनं समान नाहीतच. जोडणाऱ्याचा र आणि ऱ हेही समान नाहीत. म्हणजे नॉर्मलायझेशन लावलं, आता निश्चिंत, असं मराठीत होत नाही. पुढचं काम आपल्यालाच करावं लागतं.

तीच गोष्ट ॲची. ॲड., ॲप, बॅंकेतलं ॲडव्हान्स. हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत, क्रमांक ०९७२. त्याआधी लोक अ आणि ॅ टाइप करायचे. ठिपक्यांचं वर्तुळ येतंय म्हटल्यावर मध्ये जोडणारा घालायचे. तिन्ही रूपं आज नेटवर नांदतात. आणि क्रमांक शेवटी शेवटी असल्यामुळे आकड्यांच्या क्रमानं यादी लावली, तर सगळे वकीलसाहेब ह नंतर जाऊन बसतात. (हशा) क्रमवारी लावायची तर मराठीचे नियम असलेली लायब्ररी वापरा. नाहीतर ळ सुद्धा ल च्या शेजारी येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर असतो.

आता बाइटकडे. युनिकोडचे आकडे फाइलीत लिहायची आज सर्वत्र चालणारी पद्धत यूटीएफ-८. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'हिंगोली' ची लांबी किती? आपण म्हणू तीन अक्षरं : हिं, गो, ली. पायथॉन, जावा, जावास्क्रिप्ट म्हणतात सात. सी, पीएचपीचं साधं फंक्शन आणि गो ही भाषा म्हणतात २१. स्विफ्ट मात्र आपल्यासारखं तीन सांगते. कुणीच खोटं बोलत नाही. एक जण अक्षरं मोजतो, एक चिन्हं, एक बाइट. पण जुन्या डेटाबेसात गावाच्या रकान्याला २० बाइट दिलेले असले, तर हिंगोलीचा शेवटचा बाइट बाहेर राहतो. मग शेवटची वेलांटी अर्धवट कापली जाते आणि तिथे चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं, किंवा नुसतं 'हिंगोल' उरतं. एसएमएसचंही तेच : इंग्रजीत १६० अक्षरं बसतात, त्यात एक जरी मराठी अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते. मराठी संदेश अर्धवट का येतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

सेवा केंद्रवाल्यांसाठी आता जरा कामाचं. पडद्यावर मराठीऐवजी भलतंच दिसलं, तर आधी ते काय आहे हे ओळखा, मग हात लावा. रिकामे चौकोन दिसत असतील तर बहुतेक फक्त फॉन्ट नाही, माहिती शाबूत आहे. इंग्रजी प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल आणि फाइल तशीच साठवली असेल, तर माहिती गेली. मूळ फाइल शोधा. तिसरा प्रकार जास्त दिसतो. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मागे चलनाचं गोल चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह, आणि हेच पुन्हा पुन्हा. हे दिसलं की समजा, मजकूर यूटीएफ-८ आहे, पण प्रोग्राम तो विंडोजच्या १२५२ या पश्चिम युरोपच्या कोष्टकानं वाचतोय. तीन बाइट, तीन युरोपीय अक्षरं. 'हिंगोली' मध्ये येन दोनदाच येतं, ो ला आणि ी ला; बाकी पाच चिन्हांना चलनाचं गोल. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल दोनदा क्लिक करून उघडली की हे हमखास होतं. दुरुस्ती म्हणजे फाइल तशी उघडायचीच नाही. 'डेटा' मधून आणायची आणि यूटीएफ-८ निवडायचं.

पण घाबरून त्याच अवस्थेत 'सेव्ह' दाबलं तर? इथे आम्हाला या विषयातली सगळ्यात मजेदार आणि सगळ्यात वाईट गोष्ट सांगायचीय. १२५२ च्या कोष्टकात पाच घरं रिकामी आहेत : १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. काही प्रोग्राम या घरातला बाइट जपून ठेवतात, काही टाकून देतात. आपल्या हलन्ताचा तिसरा बाइट आहे १४१. त्या जोडणाऱ्या अदृश्य चिन्हाचाही तिसरा बाइट १४१. पहिल्या उकाराचा १२९. म्हणजे उलटं रूपांतर करून मजकूर परत मिळवला, तरी जोडाक्षरं आणि ऱ्हस्व उकार नेमके गळालेले असू शकतात. आपले पाच तालुके बघा. वसमत, सेनगाव, औंढा नागनाथ आणि हिंगोली हे चारही या फेऱ्यातून सहीसलामत परत येतात. कळमनुरी येत नाही, 'नु' चा उकार अडकतो. 'जिल्हा' या शब्दालाही हलन्त आहे. म्हणून प्रोग्राम तपासताना वसमत टाइप करून "चालतंय की" म्हणू नका. वसमतला ना काना ना मात्रा. ते कशातही चालतं.

प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलांनी एवढं करावं : वाचताना, लिहिताना, डेटाबेसशी जोडताना, तिन्ही ठिकाणी यूटीएफ-८ स्पष्ट सांगावं. यंत्रावर सोडू नये. पायथॉनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही, तर लिनक्सवर सहसा यूटीएफ-८ धरलं जातं आणि विंडोजवर वर्षानुवर्षं त्या यंत्राचं स्थानिक कोष्टक धरलं गेलं. म्हणून पुण्याच्या सर्व्हरवर धावणारा प्रोग्राम इथल्या लॅबमध्ये पडतो, आणि दोष मात्र मराठीला दिला जातो. जावानंही २०२२ मध्ये, १८ व्या आवृत्तीपासून, यूटीएफ-८ सर्वत्र गृहीत धरायला सुरुवात केली. एक्सेलला समजावं म्हणून फाइलीच्या सुरुवातीला तीन बाइटची खूण घालतात, तीही जपून. ती न ओळखणारा प्रोग्राम पहिल्या रकान्याचं नाव 'अ.क्र.' असं वाचतच नाही. त्याला आधी एक अदृश्य चिन्ह दिसतं आणि तो म्हणतो, असा रकाना नाही.

फाइलींच्या नावांचं थोडक्यात. मॅकची जुनी एचएफएस प्लस व्यवस्था नावातला ऱ फोडून र-नुक्ता करायची. २०१७ नंतरची एपीएफएस तसं करत नाही. विंडोज आणि लिनक्स जसं दिलं तसं ठेवतात. तेव्हा 'शेतकऱ्यांची यादी' नावाची फाइल जुन्या मॅकवरून लिनक्सवर आली, तर प्रोग्रामला ती सापडेलच असं नाही. लिनक्सवर नावाची मर्यादा बहुधा २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं. शासन निर्णयाचा पूर्ण विषय फाइलीचं नाव म्हणून देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आकड्यांचं विसरत होतो. गट नंबर कुणी १२३ मराठीत लिहितं, कुणी इंग्रजीत. पायथॉनला मराठी अंक थेट संख्या म्हणून कळतात, जावास्क्रिप्टला कळत नाहीत. दुःखमधला विसर्ग तर निम्मे लोक इंग्रजी कोलननंच देतात.

मग नावं जुळवायची कशी? आमचं मत स्पष्ट आहे. माणसानं जे नाव दिलं, त्या रकान्याला हात लावायचा नाही. ते त्याचं नाव आहे. सात-बारावर, पासबुकावर तसंच असणार. त्याच्या शेजारी दुसरा रकाना करायचा, फक्त जुळवणीसाठी. त्यात आधी एनएफसी, मग मराठीचं छोटं कोष्टक : र-हलन्त-जोडणारा असेल तर ऱ-हलन्त, अ-ौ असेल तर औ, ॲची तिन्ही रूपं एक, अक्षरामागचा कोलन असेल तर विसर्ग, अंक एका लिपीत, दोन मोकळ्या जागांची एक. असे पंधरा-वीस नियम होतात. नियमांचा क्रम महत्त्वाचा आहे : आधी जोडणाऱ्याचा र बदलायचा, मगच उरलेली अदृश्य चिन्हं काढायची. उलट केलं तर मघाचा रफार परत आला. आणि रफार व पापणीचा र कधीही एक करायचे नाहीत, कितीही मोह झाला तरी. तसे नाव जुळत असतील तर ती ओळ वेगळ्या ढिगात टाकायची आणि माणसानं डोळ्यांनी बघायची. संगणकाचं 'जुळत नाही' हे उत्तर दोन आकड्यांच्या रांगांबद्दल असतं. बाई पात्र आहेत की नाहीत याबद्दल त्यानं काहीच सांगितलेलं नसतं. तेवढ्यावरून नाव कापायचा अधिकार प्रोग्रामला देऊ नका.

मघाशी एका सरांनी चिठ्ठी पाठवली, मोडीचं काय? मराठवाड्यातल्या जुन्या दप्तरात मोडी आणि उर्दू दोन्ही सापडतं, तेव्हा प्रश्न रास्त आहे. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ मध्ये आली, ७.० आवृत्तीत. पण तिचे क्रमांक ११६०० च्या घरात, म्हणजे पहिल्या मोठ्या पट्ट्याच्या बाहेर आहेत. त्यामुळे प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये चार बाइट लागतात आणि जावास्क्रिप्ट एका चिन्हाची लांबी दोन सांगते. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८' हा जुना प्रकार तीन बाइटपर्यंतच घेतो. देवनागरी त्यात बसते, मोडी आणि इमोजी बसत नाहीत. 'यूटीएफ८एमबी४' निवडायचं. जुनी कागदपत्रं लिप्यंतर करून भरणार असाल, तर मूळ मोडीचाही रकाना ठेवा आणि तो पहिल्या दिवशीच चार बाइटचा करा, नंतर बदलणं जिवावर येतं.

कुठलंही नवं सॉफ्टवेअर हातात आलं की पहिल्या ओळीत हे शब्द टाइप करा : औंढा, कळमनुरी, कऱ्हाळे, ॲड., दुःख, जिल्हा. साठवा, बंद करा, दुसऱ्या यंत्रावर उघडा, शोधून बघा. एक्सेलमध्ये न्या, परत आणा. सहाही शब्द सापडले तर पुढे चला. आता प्रश्न घेऊ.